तणसाचे कंपोस्ट धानाच्या कोणत्या रोगावर चालते आणि कोणत्यावर नाही

आपण किनवट तालुक्यातून विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. गेल्या खरिपात आपल्या धानावर आधी बुडाशी पर्णकोष करपा आला आणि पुढे धान निसवल्यावर मानमोडीने बऱ्याच लोंब्या पांढऱ्या पडल्या. मळणीनंतरचे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बांधावर ढीग करून पडले आहे. गावातील काही जण म्हणतात की रोगट तणस जाळून टाकावे. दुसरे म्हणतात की त्यात ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशींना मारणारी उपयुक्त बुरशी घालून कंपोस्ट केले की पुढच्या वर्षी फवारणीच करावी लागणार नाही. यातले खरे काय आणि कंपोस्ट करायचेच असेल तर ते कसे करावे, हे आपल्याला हवे आहे.

तणस जाळू नये, हे मी निःसंकोचपणे सांगेन. मात्र कंपोस्टमुळे फवारणी कायमची सुटते हे दुसरे म्हणणेही खरे नाही. नीट तापवलेले, पूर्ण कुजलेले आणि थंड झाल्यावर उपयुक्त बुरशी मिसळलेले कंपोस्ट जमिनीत व धसकटात राहणाऱ्या रोगांचे बीज कमी करते, आणि हवेतून येणाऱ्या रोगांपुढे झाडाला थोडे अधिक टणक करते. हवेतून येणारे बीजाणू ते अडवू शकत नाही. म्हणून आपल्या शेतातील कोणता रोग कोठे मुक्काम करतो हे आधी पाहावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पर्णकोष करपा रायझोक्टोनिया सोलॅनी या बुरशीमुळे होतो. ही बुरशी मोहरीएवढ्या, तपकिरी, कडक गाठींच्या रूपाने जमिनीत, धसकटात आणि तणसात टिकून राहते. चिखलणी केली की या गाठी पाण्यावर तरंगतात, रोपाच्या बुडाला पाण्याच्या पातळीजवळ चिकटतात आणि तेथून पानांच्या आवरणावर हिरवट-करडे, लांबट चट्टे वर चढू लागतात. म्हणजे या रोगाचे भांडवल आपल्याच बांधीत (धानाच्या खाचरात) असते आणि तेथेच ते वाढते किंवा घटते. तणस तापवून कुजवण्याचा सर्वात थेट फायदा या रोगाबाबत मिळतो. एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही ती अशी की याच बुरशीचा धानावरचा गट सोयाबीनवरही पानकरपा करतो. त्यामुळे शेजारच्या तुकड्यातील रोगट सोयाबीनचे भुसकट न कुजवता बांधीत टाकणे म्हणजे रोगाला बाहेरून आणखी बीज पुरवणे होय.

करपा, म्हणजे पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी डाग आणि पुढे लोंबीच्या मानेवर काळा पट्टा (हीच मानमोडी), याची गोष्ट वेगळी आहे. त्याची बुरशी, पायरिक्युलॅरिया, कोरड्या तणसात उन्हाळा काढते हे खरे. पण हंगामात तिचे बीजाणू वाऱ्याने शेजारच्या बांधीतूनही येतात. आपण आपले सगळे तणस कुजवले तरी पलीकडच्या बांधावर रोगट तणस पडलेले असेल, तर थंड रात्री, दव आणि पानांवर तासन् तास टिकणारा ओलावा यांची साथ मिळताच करपा येणारच. येथे कंपोस्टचा उपयोग आडवाटेने होतो, आणि ती आडवाट सिलिकाची आहे. धानाचे पीक जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणात उचलते. तणसाच्या कोरड्या वजनात साधारण ४ ते ७ टक्के सिलिकॉन असते, तर नत्र जेमतेम ०.५ ते ०.८ टक्के आणि पालाश १.२ ते १.७ टक्के असते. पानाच्या बाहेरच्या थरात सिलिका साठली की बुरशीला पेशीत घुसणे अवघड जाते. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही लवकर जागी होते. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या सिलिकाहीन जमिनींत सिलिकायुक्त खते दिल्यावर करपा आणि तपकिरी ठिपके हे दोन्ही रोग कमी झाल्याचे तेथील प्रयोगांत स्पष्ट दिसले. आपल्या काळ्या जमिनीत सिलिकाची तेवढी उणीव नसते, म्हणून तेवढा ठळक फरक अपेक्षू नये. तथापि दरवर्षी तणस शेताबाहेर जात असेल, तर झाडाला सहज मिळू शकणारा साठा हळूहळू खाली येतो, आणि तो परत करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग तणसाचाच आहे.

तपकिरी ठिपक्यांचा रोग हा भुकेल्या जमिनीचा रोग आहे. पालाश कमी, सेंद्रिय कर्ब कमी आणि पाण्याचा ताण असेल तेथे तो हटकून येतो, आणि म्हणून कंपोस्टला सर्वात चांगला प्रतिसाद तोच देतो. कडा करप्याचे जिवाणू पाण्याच्या प्रवाहाबरोबर आणि रोपांचे शेंडे खुडताना झालेल्या जखमांतून पसरतात. त्यावर कंपोस्टचा परिणाम फारसा नाही. नत्र बेताचे ठेवणे आणि लावणीच्या वेळी शेंडे न तोडणे हेच तेथे उपयोगी पडते.

ढिगाकडे वळण्यापूर्वी मराठवाड्यापुरती एक सूचना आवश्यक आहे. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, विशेषतः चिखलणी न करता पेरून घेतलेल्या धानात, कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि पुढे पांढुरकी होतात. पुष्कळ शेतकरी त्याला रोग समजून बुरशीनाशक फवारतात. ती लोहाची कमतरता असते. जमिनीत लोह असते, पण सामू (पीएच) ८ च्या पुढे गेल्यामुळे आणि मुक्त चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाला अशा जमिनीसाठी प्रभावतीसारखे पिवळेपणा सोसणारे वाण काढावे लागले, यावरून या प्रश्नाचे वजन कळावे. चांगल्या कंपोस्टमधील सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोहोचवतात, त्यामुळे हा पिवळेपणा काही प्रमाणात कमी होतो. तातडीचा उपाय म्हणून ०.५ टक्के हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी करावी लागते. लोहाअभावी अशक्त झालेल्या रोपांवर तपकिरी ठिपके अधिक येतात, म्हणून ही दोन्ही दुखणी एकत्र दिसली तर आधी लोहाकडे पाहावे.

आता ढिगाकडे येऊ. तणस जाळले तर त्यातील जवळजवळ सर्व नत्र आणि बराचसा गंधक हवेत जातो. पालाश व सिलिका राखेत उरतात, पण तीही वाऱ्याने आणि पहिल्या पावसाने वाहून जातात. एकरी २५ क्विंटल तणस धरले तर त्यात सुमारे १५ किलो नत्र आणि ३० ते ४० किलो पालाश असते. जाळण्याने रोगाचे बीज मरते हा दावा खरा असला तरी तो अर्धाच खरा आहे, कारण आग तणसावरून झपाट्याने जाते आणि मातीत दोन बोटे खाली पडलेल्या गाठींना तिची झळही पोहोचत नाही.

रोगट अवशेष कुजवण्याच्या पद्धतीत एकच कसोटी महत्त्वाची आहे: ढिगाच्या प्रत्येक भागाला ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णता सलग काही दिवस मिळाली की नाही. आपल्या भागात नाडेप पद्धत सर्वपरिचित आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती रूढ केली. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात पालापाचोळा, थोडे शेण आणि भरपूर चाळलेली माती यांचे थर द्यायचे आणि ते न हलवता तीन-चार महिने ठेवायचे, अशी ती रीत आहे. शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी ही पद्धत उत्तम आहे यात शंका नाही. मात्र रोगट तणसासाठी मी ती सुचवत नाही. मातीचे प्रमाण मोठे असल्यामुळे टाके फार तापत नाही, आणि ते पलटले जात नसल्यामुळे कडेचा माल शेवटपर्यंत थंडच राहतो. त्या थंड कडेत रायझोक्टोनियाच्या गाठी सुखाने टिकतात. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे बसवलेली, ढीग वारंवार पलटण्याची पद्धत या कामाला अधिक योग्य आहे. तिच्यात श्रम जास्त आहेत, पण या कामात त्या श्रमांना पर्याय नाही.

ढीग ५ ते ६ फूट रुंद आणि ४ ते ५ फूट उंच असावा. लांबी मालाप्रमाणे ठेवावी. यापेक्षा लहान ढीग नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत तापत नाही. तणसाच्या पात्यावर मेणचट थर असतो आणि ते पाणी लवकर पीत नाही, त्यामुळे ते कोयत्याने किंवा कडबाकुट्टीने वीतभर तोडून आदल्या दिवशी भिजवून ठेवावे. १ टन कोरड्या तणसाला ४ ते ५ क्विंटल ताजे शेण, ३ ते ४ क्विंटल गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) ओला पाला आणि ५ किलो युरिया पाण्यात विरघळवून, असे मिश्रण घेतले तर कर्ब-नत्राचे गुणोत्तर मुळातील ६० ते ७० वरून ३५ ते ४० च्या आसपास येते. एवढ्यावर ढीग चांगला पेटतो. गिरिपुष्प नसेल तर निरोगी पिकाचे सोयाबीन भुसकट चालते, पण मग शेण वाढवावे. पऱ्हाटी आणि तुराट्या या ढिगात घालू नयेत. श्रेडरने बारीक केल्याशिवाय त्या या मुदतीत कुजत नाहीत आणि त्यांच्यामुळे ढीग पोकळ राहून वाळतो. ओलावा ५० ते ६० टक्के ठेवायचा आहे. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर पाणी जास्त झाले आहे. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचे वेस्ट डीकंपोजर किंवा तत्सम कुजवणारे जिवाणूद्रावण यावेळी शिंपडायला हरकत नाही, मात्र ते केवळ कुजण्याचा वेग वाढवते. त्याला रोगनाशक मानू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ढीग तापू लागतो. साधा तापमापक मिळाला तर उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध १०-१५ मिनिटे खुपसून ठेवावी आणि बाहेर काढून हाताने पाहावी. ती धरवत नसेल तर ५५ अंशांच्या पुढे गेले असे समजायला हरकत नाही. साधारण आठ-दहा दिवसांनी उष्णता उतरू लागली की ढीग पलटावा, आणि पलटताना बाहेरचा माल आत व आतला बाहेर गेलाच पाहिजे. सगळा हेतू या एका कृतीत आहे. मजूर घाईत असले की ढीग नुसता एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून ठेवतात, आणि कडा कडेलाच राहते. अशी किमान चार-पाच पलटणी व्हावीत. प्रत्येक वेळी वाळलेल्या भागावर पाणी शिंपडावे आणि ढीग ताडपत्रीने किंवा पऱ्हाटीच्या आच्छादनाने झाकावा, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो कुजण्याआधी वाळण्याचीच भीती जास्त असते. हे काम मळणी होताच सुरू करावे असे मी आग्रहाने सांगतो. १ टन तणसाला हजार-बाराशे लिटरहून अधिक पाणी लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते मिळणे अवघड.

ट्रायकोडर्मा कधी घालायचा, याबाबत सर्वात जास्त गोंधळ आहे. ढीग रचतानाच भुकटीचे पुडे फोडून थरांवर टाकण्याची सवय सर्वत्र दिसते. ही बुरशी २५ ते ३० अंशांत चांगली वाढते आणि ४० अंशांच्या पुढे तिची वाढ थांबते. ५५ अंशांच्या ढिगात ती टिकेल अशी अपेक्षाच करता येत नाही. ज्या उष्णतेने रोगाच्या गाठी मरतात, त्याच उष्णतेने ट्रायकोडर्माही मरतो. म्हणून ढीग पलटल्यावरही पुन्हा तापत नाही आणि आतील तापमान बाहेरच्या हवेइतके झाले आहे, अशी खात्री झाल्यावरच तो मिसळावा. १०० किलो ओलसर कंपोस्टला १ किलो भुकटी मिसळून, सावलीत फूटभर उंचीच्या पसाऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवावी आणि मध्ये एक-दोनदा खालीवर करावी. पांढरी आणि नंतर हिरवट वाढ दिसली की माल तयार झाला. सगळ्या कंपोस्टमध्ये तो मिसळण्याची गरज नाही. परभणी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाचे बायोमिक्सही याच रीतीने वापरता येते. त्यात अनेक उपयुक्त बुरशी व जिवाणू एकत्र असल्याने आपल्या विम्लधर्मी जमिनीत ते एकट्या ट्रायकोडर्मापेक्षा भरवशाचे वाटते, असा माझा कल आहे. पुड्यावर दर ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटक आणि वापराची मुदत छापलेली असावी. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ४३-४४ अंशांत पडून राहिलेला पुडा मुदतीत असला तरी घेऊ नये.

मालाची परिपक्वता ही यानंतरची महत्त्वाची बाब आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात हॅरी हॉइटिंक यांनी कंपोस्ट आणि मुळांचे रोग यांवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या कामातून असे पुढे आले की अर्धवट कुजलेल्या मालात सहज मिळणारी साखर शिल्लक असते, तोवर ट्रायकोडर्मा तिच्यावरच जगतो. रायझोक्टोनियाच्या पेशीभिंती फोडणारी विकरे तो त्या काळात तयारच करत नाही. उलट रायझोक्टोनिया अशा कच्च्या मालावर स्वतः वाढतो. म्हणजे कच्चे कंपोस्ट त्याच रोगाला खाऊ घालते, ज्याच्यासाठी आपण ते केले. कुजलेल्या मालात मात्र साखर संपलेली असल्याने ट्रायकोडर्मा शत्रूवर वळतो. त्यांचे दुसरे निरीक्षणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रोपे कोलमडवणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीला जवळजवळ कोणतेही चांगले कंपोस्ट दाबून ठेवते, कारण तेथे सर्वसाधारण सूक्ष्मजीवांची गर्दीच पुरेशी असते. रायझोक्टोनियाला दाबण्यासाठी विशिष्ट जीव लागतात आणि ते आपोआप प्रत्येक ढिगात येतीलच असे नाही. म्हणूनच वरून ट्रायकोडर्मा मिसळावा लागतो. परिपक्वता तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओले कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर माल कच्चा आहे, पावसाळी मातीसारखा वास आला तर पक्का. त्यावर मेथीचे दाणे टाकून उगवणही पाहावी.

सगळ्या तणसाचे कंपोस्ट केले तरी ते कमीच पडते. १ टन तणसापासून साधारण १ टन ओलसर कंपोस्ट हाती येते, त्यामुळे ते कोठे वापरायचे याचा क्रम लावणे भाग आहे. माझ्या मते पहिला हक्क रोपवाटिकेचा. एका एकराच्या लावणीसाठी सुमारे ४ गुंठ्यांची रोपवाटिका लागते, तिच्यातील गादीवाफ्यांवर दर चौरस मीटरला २ ते ३ किलो ट्रायकोडर्मायुक्त कंपोस्ट वरच्या दोन-तीन इंचांत मिसळले तर आठ-नऊ क्विंटलमध्ये काम भागते. येथे ते सर्वाधिक कामी येते, कारण गादीवाफ्यात पाणी साचत नाही, हवा खेळती असते, आणि ट्रायकोडर्माला हवा लागते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे: रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख, आणि पहिल्या नांगरणीच्या वेळी हेक्टरी २ टन तणस. तुसाची राख ही सिलिकाचे मोठे भांडार आहे. तेलंगणातील बोधन-निजामाबादकडील राईस मिलांमधून ती आपल्या सीमाभागात आणता येते. कोकणात हे सूत्र रुजले. आपल्याकडे त्याचा व्हावा तेवढा वापर झालेला नाही. फक्त एक बदल मी सुचवीन: गेल्या वर्षी पर्णकोष करपा येऊन गेलेल्या बांधीचे तणस थेट न गाडता कुजवूनच द्यावे.

रोपवाटिकेवरील आच्छादनाकडेही लक्ष द्यावे. पेरल्यावर पाखरांपासून बी वाचवण्यासाठी वाफ्यांवर जुने तणस पसरण्याची पद्धत आहे. तणस करपलेल्या बांधीचे असेल तर बुरशीचे बीज कोवळ्या रोपांच्या डोक्यावरच ठेवल्यासारखे होते. गिरिपुष्पाचा पाला किंवा जाळी वापरावी. बियाणे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि नंतर बीजप्रक्रिया करावी. बीजप्रक्रियेला कार्बेन्डाझिम वापरले असेल तर त्यावर ट्रायकोडर्मा चोळू नये, कारण ते औषध या बुरशीला मारते. दोन्हीपैकी एक निवडावे.

मुख्य बांधीत उरलेले कंपोस्ट एकरी दीड ते दोन टन या प्रमाणात शेवटच्या चिखलणीपूर्वी मिसळावे. येथे अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतील. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, आणि अशा ठिकाणी ट्रायकोडर्मा फारसे काही करू शकत नाही. तेथे स्यूडोमोनास व बॅसिलस जातीचे जिवाणू अधिक तग धरतात, म्हणून लावणीच्या वेळी रोपांची मुळे स्यूडोमोनासच्या द्रावणात बुडवून घेणे अधिक सयुक्तिक ठरते. पाणी आलटून-पालटून देण्याची सोय असेल, किंवा धान पेरून ठिबकावर घेत असाल, तर ट्रायकोडर्माचा प्रभाव बांधीतही दिसतो. पर्णकोष करप्यासाठी बांधीत करण्यासारखे आणखी एक काम आहे, ते फुकटचे आहे आणि कोणी करत नाही. चिखलणीनंतर पाणी स्थिर झाले की वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूच्या कोपऱ्यात काडीकचरा आणि फेस जमा होतो. रोगाच्या तरंगत्या गाठी त्यातच असतात. तो कचरा गाळून काढून बांधापासून दूर पुरावा किंवा तापत्या ढिगाच्या पोटात टाकावा. बांधावर मात्र फेकू नये.

कंपोस्ट दिले म्हणून युरिया तसाच ठेवला तर फायदा उलटतो. जास्त नत्राने पाने गर्द हिरवी, मऊ आणि दाट होतात, बुडाशी दमटपणा वाढतो आणि करपा, पर्णकोष करपा व कडा करपा या तिघांनाही आयते रान मिळते. एकरी ४० किलो नत्र ही आपल्याकडची सर्वसाधारण मात्रा धरली, तर २ टन कंपोस्टमधून १० किलोच्या आसपास नत्र हंगामभर हळूहळू सुटते. त्यातले निम्मेच पिकाला मिळेल असे मानून युरियात एकरी दहा-बारा किलोची कपात करावी आणि उरलेला युरिया लावणी, फुटवे आणि लोंबी धरण्याच्या वेळी विभागून द्यावा. गर्द हिरव्या बांधीवर शेवटचा हप्ता देण्याचा मोह टाळावा. कंपोस्टऐवजी कोंबडी खत मिळते म्हणून ते ओतणाऱ्यांना माझा विशेष इशारा आहे: त्यातले नत्र लवकर सुटते आणि त्याने मानमोडीला वाट करून दिली जाते.

धानानंतर आपण हरभरा घेत असाल, आणि किनवटकडे तो बहुतेक जण घेतात, तर हेच कंपोस्ट तेथे अधिक चोख काम करते, कारण जमीन तेव्हा हवेशीर असते. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी आणि मानकूज करणारा स्क्लेरोशियम या दोघांवर ट्रायकोडर्माचा प्रभाव चांगला आहे. उलट धानाचे न कुजलेले धसकट आणि ओल यांच्या सोबतीने हरभऱ्याची मानकूज वाढते. धसकट वर ठेवून घाईने हरभरा टाकलेल्या शेतात उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांत रोपे पिवळी पडून बुडाशी पांढऱ्या बुरशीसह मरताना दिसतात. म्हणून थोडे ट्रायकोडर्मायुक्त कंपोस्ट रब्बीसाठी बाजूला ठेवावे आणि ते हरभऱ्याच्या पेरणीपूर्वी ओळीत द्यावे.

परिणाम पाहायचा असेल तर पहिल्या वर्षी एक बांधी कंपोस्टशिवाय ठेवावी, बाकी सगळे सारखे करावे, आणि फुटवे पूर्ण झाल्यावर दोन्हीकडे कोपरे सोडून २५-२५ चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके) तपासून किती चुडांवर बुडाशी चट्टे आहेत ते वहीत लिहावे. पर्णकोष करप्यातील फरक दिसायला दोन-तीन हंगाम जातात, कारण जमिनीतील जुन्या गाठी एका वर्षात संपत नाहीत. मातीपरीक्षण सगरोळी किंवा पोखर्णी येथील कृषी विज्ञान केंद्राकडून करून सामू, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना यांचे आकडे घेतले तर मात्रा अधिक नेमकी ठरवता येईल. मानमोडीसाठी मात्र वाट पाहत बसू नये. पानांवर करप्याचे डाग आधीच असतील, आणि धान निसवण्याच्या वेळी आकाश ढगाळ व रात्री दवाच्या असतील, तर निसवणीच्या सुरुवातीलाच केंद्राच्या सल्ल्याने शिफारशीतील बुरशीनाशकाची एक फवारणी करावी. मान काळी पडल्यावर केलेली फवारणी त्या लोंबीला वाचवत नाही.